मी नाकानं रांधायची

धानोऱ्याच्या एसटी स्टँडसमोर आमची खानावळ आहे. पाटी कधी लावली नाही. स्टँडवर उतरून कोणालाही ‘मावशीकडे जेवायचंय’ म्हटलं की तो दारापर्यंत आणून सोडतो. ती मावशी मी. खानावळ अजून चालते, चांगली चालते, पण चुलीपुढे मी नसते. दारातल्या खुर्चीवर बसते, आल्यागेल्याला ‘या जी, बसा जी’ म्हणते, आणि आत फोडणी पडली की मान वळवून बघते. फोडणीचा आवाज येतो. वास येत नाही. मला आता कशाचाच वास येत नाही. नाक दिसायला होतं तसंच बसकं आहे, पण आतून ते मेलं, आणि जाताना माझा धंदा घेऊन गेलं.

तुम्ही म्हणाल, बाई, स्वयंपाकाला जीभ लागते, नाकाचं एवढं काय? तिथेच मेख आहे. मी जिभेनं रांधायला शिकलेच नाही.

माझं सासर आरमोरीकडच्या एका खेड्यातलं. तळ्यातले मासे धरायचे आणि जोडीला थोडी धानाची शेती, असं घर. सासूबाईंचा नेम कडक होता. रांधताना चाखायचं नाही. भांड्यातलं पहिलं देवाला, मग पानावर बसलेल्याला. त्याआधी आपल्या जिभेला लागलं तर सगळं भांडं उष्टं. नवी नवरी होते तेव्हा वरणाचा एक थेंब तळहातावर घेऊन मी चाटला आणि सासूबाईंनी अख्खं वरण उचलून गाईपुढे ओतलं.

“नाक काय देवानं नथनी घालाले देलं का वो?” त्या म्हणाल्या.

मला एवढा राग आला होता की त्या दिवशी मी जेवले नाही. पण सून होते, जाणार कुठे? शिकले. आणि शिकल्यावर कळलं की म्हातारी काही खोटं बोलत नव्हती. भातच घ्या. आधणात तांदूळ पडला की आधी ओल्या कोंड्याचा वास येतो. मग दुधाच्या सायीसारखा. तो आला की पेज काढायची. त्यानंतर तळाचं पाणी आटताना एक अगदी बारीक, भाजल्यासारखा वास सुटतो आणि तिथेच जाळ ओढायचा. जरा चुकलं की भात लागला. हळद कच्ची असली की तिचा वास घशाशी बसतो. लसूण गुलाबी झाला की गोडसर येतो, आणि लाल झाला की कडू. मासा ताजा आहे का, हे तर मी टोपलीवरचं फडकं काढायच्या आधी सांगायची. मीठ तेवढं नाकाला कळत नाही. ते हातानं. माझी चिमूट कधी चुकली नाही, हे जरा जास्तच कौतुकानं सांगते, पण सांगते.

धानोऱ्याला आलो ते यांच्या कामामागे. हिरडा, मोहफुलं, चारोळी घेणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या गोदामावर हे राखणीला होते. तिथल्या माणसांना मी डबा द्यायची. डबे वाढले, मग बाकं आली, मग खानावळ झाली. गोदाम कधीच बंद पडलं. आम्ही राहिलो.

आमच्याकडे बदली होऊन येणारा माणूस एसटीतून उतरतो तोच तोंड पाडून. शिक्षक असो, बँकेतला असो, नाहीतर फॉरेस्टचा. दूरच्या जिल्ह्यातला असला तर पहिला महिनाभर त्याला आमचं काहीच पटत नाही. तेल फार, तिखट फार, भाकरी कुठंय, चहात साखर केवढी! सांबार म्हणजे कोथिंबीर हे समजावण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. एकानं सांबार मागितलं म्हणून मी ताजी हिरवी जुडी धुऊन ताटात ठेवली, तर तो स्टँडवरून आणलेली इडली पुढ्यात घेऊन बसून राहिला होता.

पण त्याहून मोठी गंमत झाली ती एका साताऱ्याकडच्या तरुण इंजिनीअरची. दुपार कलली होती. भांडं रिकामं झालं होतं. हे बाहेर उभे होते. त्या पोरानं विचारलं, “जेवायला आहे का?” हे म्हणाले, “भात वाढला जी.”

पोरगा खुश! हातपाय धुऊन बाकावर येऊन बसला. बसला तो बसलाच. मी भांडी घासत होते. मला वाटलं, ऊन टळायची वाट पाहत असेल बिचारा. बऱ्याच वेळानं तो आत डोकावला.

“मावशी, भात वाढलाय म्हणाले ना काका?”

“हव, वाढला.”

“मग कुठंय?”

“वाढला म्हणूनच तर नाई ना बाप्पा!”

त्यानं कपाळाला हात लावला. आता याला कसं सांगू? आमच्या धानाच्या मुलखात भात ‘संपला’ असं घरातली बाई बोलत नाही. अन्नाला संपणं लावू नये. म्हणून ‘वाढला’. दिवा वाढवतात, बांगडी वाढते, तसा भातही वाढतो. याच्या आजीला कळलं असतं, याला काय कळणार? पण हात धुऊन बसलेल्या माणसाला उठवायचं नसतं. मी पुन्हा आधण ठेवलं. पोरगा पुढे चार वर्षं आमच्याकडे जेवला. जाताना आईला माझ्याशी फोनवर बोलायला लावलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

आमच्या खानावळीला जंगलाची चव होती ती मैनाबाईमुळे. मैनाबाई गोंड, आतल्या एका गावची. आठवड्यातून दोनदा डोक्यावर टोपली घेऊन यायची. पळसाची पानं, मोहफुलं, टेकोडे म्हणजे रानातली अळंबी, आणि श्रावणात वास्ते. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. त्यांना एक उग्र, आंबूस वास असतो. नवखा माणूस नाक दाबतो. मी मात्र टोपली अजून रस्त्याच्या पलीकडे असताना ओळखायची आणि आतूनच ओरडायची, “आणले का वो वास्ते?” मैनाबाई हसत हसत यायची. “बाई, तुमचं नाक हाये का कुत्र्याचं?” ती माझ्या हाताखालची नव्हे, बरोबरीची होती. खानावळीत बसून चहा प्यायची, पण नव्या आंब्याला, नव्या फळाला तोंड लावायची नाही. आधी गावात पंडुम व्हायचा, नवं ते देवाला आणि पूर्वजांना जायचं, मगच तिच्या तोंडात. मी म्हणायची, तुझा पंडुम आणि माझी सासू एकाच शाळेत शिकले वाटते.

आणि हे. यांच्याबद्दल काय सांगू? दगडाला पाझर फुटेल, पण यांच्या तोंडून ‘चांगलं झालं’ निघायचं नाही. उभ्या जन्मात नाही. आवडलं तर पान सरकवायचे, म्हणजे अजून वाढ. नाही आवडलं तर पाणी प्यायचे. एवढीच काय ती भाषा. वडश्याला किराणा आणायला जायचो तेव्हा स्टेशनजवळच्या हॉटेलात तर्रीपोहा खायचो. दुसऱ्याच्या हातचं बसून खाणं यासारखं सुख खानावळवालीला दुसरं नाही. मी प्लेट समोर आली की आधी वाकून वास घ्यायची आणि बडबड सुरू. यानं चणे काल भिजवले नाहीत, तेल जवसाचं घातलंय थोडं, गरम मसाला घरचा आहे. हे खाली मान घालून खायचे. एकदा मी चिडून म्हटलं, “काई तं बोला जी.” तर म्हणाले, “तू बोलूनच राह्यली ना.”

मग ती साथ आली. कोरोनाच्या दुसऱ्या फेऱ्यात मी पडले. जीव वाचला. ताप गेला, खोकला गेला आणि वासही गेला. सगळ्यांचाच जातो, येतो परत, असं लोक म्हणाले. लोकांचा आला. माझा नाही. गडचिरोलीच्या डॉक्टरनं सांगितलं, रोज लवंग हुंगा, लिंबू हुंगा, निलगिरी हुंगा. अजून हुंगते. लवंग काही बोलत नाही.

वास परत आलाच नाही, हे मी खानावळीत कोणाला सांगितलं नव्हतं. वाटलं, हात तर आहे ना आपला, इतकी वर्षं केलं ते हाताला पाठ असेल. एका दुपारी भाताच्या भांड्याजवळ उभी राहून मी पालक निवडत होते. बाहेरून एसटीचा ड्रायव्हर ओरडला.

“मावशी, भात लागून राह्यला! नाक कुठी ठेवून आली वो?”

सगळी बाकं हसली. मीही हसले. मग मागच्या दाराबाहेर जाऊन भांडं उपडं केलं. खाली काळी खरवड होती, बोटभर जाड. त्याच्यावर वाकून मी छातीभरून श्वास घेतला. नुसती गरम हवा आली. तिथे मात्र मला रडू फुटलं. मासा सडला तरी मला कळणार नव्हतं. घर पेटलं तरी कळणार नव्हतं. मी लोकांना जेवू घालणारी बाई, आणि मी काय वाढते आहे ते मलाच माहीत नव्हतं.

आता कोणी म्हणेल, जिभेला खारट-आंबट तरी कळतं ना, मग चाखायचं. कळत होतं. पण हात उठायचा नाही. सासूबाई जाऊन किती वर्षं झाली, तरी चमचा तोंडाशी नेला की गाईपुढचं ते वरण दिसायचं. मी अंदाजानं टाकत राहिले. अंदाजावर विश्वास नसला की माणूस दोनदा टाकतो.

आणि त्याच दिवसांत हे बोलायला लागले.

“मस्त झालं,” वांग्याच्या भाजीला म्हणाले. दुसऱ्या दिवशी वरणाला, “भल्ली चव आली आज.” मी ताटाकडे पाहते, यांच्याकडे पाहते. ज्या माणसानं मुलाच्या लग्नातल्या पंगतीला ‘मस्त’ म्हटलं नाही, तो माझ्या आंधळ्या वरणाला म्हणतो? वाईट झालं म्हणाले असते तर मी इतकी घाबरले नसते.

मीही कमी नाही. एक दिवस मुद्दाम आलू-वांग्यात मीठच टाकलं नाही. चिमूटभरही नाही. पंगत बसली. कोणी मीठ मागितलं नाही. ड्रायव्हरनं दोनदा भाजी घेतली. यांनी पान सरकवून वर “मस्त” म्हटलं. सगळे उठल्यावर मी शेवटी जेवायला बसले, पहिला घास घेतला, आणि जिभेला मीठ लागलं. बरोबर लागलं. जितकं हवं तितकं.

मी न टाकलेलं मीठ भाजीत आलं कुठून?

दुसऱ्या दिवशी मी भाजी उतरवली, पालक धुवायला नळावर जाते म्हटलं आणि भिंतीआड थांबले. मागच्या दारानं मैनाबाई आली. यांनी झाकण उचलून धरलं. तिनं पळीनं थोडी भाजी पळसाच्या पानावर घेतली आणि पान घेऊन उंबऱ्याबाहेर गेली. अंगणात जाऊन चाखली. मग आत आली, मीठ टाकलं, चिंचेचं पाणी टाकलं, ढवळलं. हे झाकण धरून चोरासारखे दाराकडे बघत होते.

मी समोर गेले. माझ्या तोंडाला काय काय आलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. माझ्या चुलीवर, माझ्या पाठीमागे, माझ्याच नवऱ्यानं! मी म्हटलं, “किती दिवस चाललं हे?”

हे म्हणाले, “भात लागला ना, तवापासून. मीच तिले रोज बलावतो.”

“मले काऊन नाई सांगितलं?”

“सांगितलं असतं तं तू चूल सोडली असती.”

“मंग खोटं बोलले? मस्त झालं, मस्त झालं! जलमभर नाई बोलले अन् आता खोटं बोलाले तोंड फुटलं का जी?”

यांनी झाकण भांड्यावर ठेवलं. मी मैनाबाईकडे वळले. वाटलं, ही तरी मान खाली घालेल. नाही घातली.

“बाई,” ती म्हणाली, “तुमच्या भांड्यात मी तोंड नाई घातलं. पळीले जीभ नाई लावली. पानावर घेतलं, उंबऱ्याच्या बाहीर नेलं, तिकडंच खाल्लं, पान तिकडंच फेकलं. तुमचं उष्टं नाई होऊ देलं मी. एक दिवस बी नाई.”

उन्हात, पावसात ती बाई रोज एवढंसं पान घेऊन अंगणात जात होती, माझ्या सासूचा नेम सांभाळायला. मला नाक राहिलं नव्हतं, तरी माझा नेम तिनं राखला होता. रागवायचं तरी कोणावर? मी पदरानं तोंड पुसलं आणि पळी तिच्या हातात दिली.

“धर. आता उघड कर.”

तेव्हापासून चूल मैनाबाईची. ती शेजारीच खोली घेऊन राहिली आहे. चव तिची आहे, माझी नाही. पातळ भाजीला ती हिरवी मिरची ठेचून घालते, मी लाल घालायची. गिऱ्हाइकं बोटं चाटतात. मला बरं वाटतं आणि वाईटही वाटतं, दोन्ही एकदम वाटतं, आणि मी त्याबद्दल कोणाची माफी मागणार नाही. वडश्याच्या हॉटेलातही गेलो होतो मध्ये. तर्रीपोहा मागवला. तिखट लागलं, गरम लागलं. बाकी ओली भिंत चाटल्यासारखं. दोघं मुकाट्यानं खाऊन उठलो.

वास जाण्यापेक्षा भयंकर काय असतं, ते मला मागच्या वर्षी कळलं. दिवाळी होऊन मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे दिवस होते. खानावळ एक दिवस बंद ठेवली होती. दिरानं गावाहून नवा चिन्नोर पाठवला. चिन्नोर आमच्याकडचा बारीक सुवासिक तांदूळ. एका घरी शिजला की चार घरांना कळतो. हे म्हणाले, आज घरचा भात मी करतो. मी म्हटलं, करा. मागच्या खोलीतल्या गॅसवर यांनी भांडं ठेवलं. पाणी जास्त झालं, पेज उतू गेली, फडकं जळता जळता वाचलं. मी पाटावर बसून नुसती बघत होते.

वाफ सुटली. यांनी डोळे मिटले. मला समजलं की वास आला. आणि मी मनातल्या मनात तो वास आठवायला गेले.

आठवेना.

लवंगेचा आठवत होता, वास्त्यांचा आठवत होता, जळक्या दुधाचाही. चिन्नोराचा आठवेना. ज्या वासात मी लहानाची मोठी झाले तो डोक्यातूनही गेला होता. नाकातून गेला तेव्हा मी म्हटलं होतं, जाऊ दे, आत तर आहे. आता आतूनही चालला होता, एकेक करून.

“मले त्याचा वास आठवत नाई जी,” मी म्हटलं. “सांगा ना कसा येऊन राह्यला.”

यांनी गॅस बारीक केला. यांना काय सांगता येणार?

“भातासारखा,” म्हणाले.

“भातासारखा म्हणजे कसा?”

“म्हणजे... चांगला.”

मला हसू आलं आणि डोळेही भरले. मी म्हटलं, राहू द्या, वाढा. यांनी ताट घेतलं, भात वाढला, वर तूप घातलं. माझ्यापुढे ठेवलं आणि स्वतः वाढून न घेता तिथेच खाली बसले. खाली बघत, जमिनीवर बोटानं रेघा ओढत बोलायला लागले.

“धान निसवते ना, लोंबी बाहीर येते, तवा येते तसा. सकाळी दव असते, बांधीत वारा नसते, तवाचा. तू नवीन होती. मी वावरात होतो. तू बांधावरून डबा घेऊन येऊन राह्यली होती. पाय घसरला तुया, डबा धरला पण तू पडली. भल्ली चिखलानं भरली होती. मी हसलो तं तू डबा तिथीच ठेवून निंघून गेली. मंग मी एकटाच बसलो. डबा उघडला. तवा धानाचाही वास अन् डब्यातल्या भाताचाही, दोन्ही एकच येऊन राह्यले होते. मले समजेना, शेतात बसलो का घरात. तसा येऊन राह्यला आता.”

इतकं हे एका दमात कधी बोलले नव्हते. मी भात खाल्ला. मऊ लागला, गरम लागला, तुपाचा ओशटपणा ओठाला लागला. वास नाही आला. पण तो बांध आला, तो चिखल आला, आणि वाऱ्याशिवाय उभं असलेलं धान आलं, डोळ्यांपुढे, एकेक लोंबी.

ताट रिकामं झालं. यांनी पळी उचलली. मी ताटावर हात आडवा धरला.

“भात नको जी,” मी म्हटलं. “अजून सांगा.”